एका हाताने न वाजणारी टाळी

बारावीच्या जीवशास्त्रात पेशीवरच्या रिसेप्टरची आकृती काढायची झाली की कुलूप-किल्ली काढतात. बाहेरून हॉर्मोन किंवा ग्रोथ फॅक्टर येतो ती किल्ली, पेशीच्या कातडीत बसवलेला रिसेप्टर ते कुलूप. किल्ली बसली, दार उघडलं, पेशीला निरोप मिळाला. मी ही आकृती विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. मुलांना ती लगेच समजते, परीक्षेत गुण मिळवून देते. पण किल्ली कुलपात बसणं आणि दार उघडणं या दोन गोष्टींच्या मधे काय होतं, याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्या मधल्या जागेत काय आहे हे शोधायला माणसांना पंचवीसेक वर्षं लागली, आणि शोधण्याचं हत्यार होतं अँटीबॉडी, म्हणजे मराठी पुस्तकातलं प्रतिपिंड. तो इतिहास इथे लिहायचा आहे.

लिहायला निमित्त एका कागदाचं. २०१४ साली जुहूला आमच्या इमारतीतल्या एक काकू बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन वर आल्या. स्तनातली गाठ. बाकीचं त्यांना डॉक्टरांनी समजावलं होतं, एका ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, तू शिकवायचीस ना हे सगळं? हर-टू रिसेप्टर, थ्री प्लस. गाठ माझी, पेशी माझ्या, मग हा रिसेप्टर कुणाचा?"

काकू, तोही तुमचाच, एवढं मी लगेच सांगितलं. स्तनाच्या साध्या पेशीवरही तो असतो, वीस-पंचवीस हजारांच्या घरात. काही गाठींमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि एकेका पेशीवर तो वीस लाखांपर्यंत जातो. आणि 'थ्री प्लस' हे मोजमापही अँटीबॉडीनेच झालेलं असतं. गाठीच्या पातळ कापावर हर-टूला चिकटणारी अँटीबॉडी सोडतात, तिच्या मागोमाग रंग उमटवणारं एन्झाइम. जिथे रिसेप्टर दाट, तिथे प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दिसावी तशी. काकूंना नंतर जे औषध मिळायचं होतं तीही त्याच रिसेप्टरविरुद्धची अँटीबॉडीच होती. ओळखही तिनेच, इलाजही तिनेच. हे जुळून कसं आलं?

सुरुवात सापाच्या विषापासून करावी लागते. १९५०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन हे दोघं उंदराच्या एका गाठीतून निघणारा, मज्जापेशींना तंतू फोडायला लावणारा पदार्थ शोधत होते. तो पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवायला कोहेननी अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषात न्यूक्लिइक आम्ल तोडणारं एन्झाइम असतं. परिणाम कमी व्हायच्या ऐवजी प्रचंड वाढला. विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता! मग कोहेननी सरळ हिशेब केला: सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, तर उंदराची लाळग्रंथी बघू. तिथे तो भरपूर सापडला. हा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ.

इथे मुंबईकराला परळचं हाफकिन आठवल्याशिवाय राहत नाही. सापाचं विष घोड्याला थोडंथोडं टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ द्यायच्या, आणि ते सीरम साप चावलेल्या माणसाला द्यायचं, हा तिथला जुना उद्योग. अँटीबॉडी म्हणजे विष निकामी करणारी गोष्ट, ही आपली सर्वांची ओळख तिथूनच आलेली. कोहेननी तीच रीत उलटी वापरली. त्यांनी सशांना एनजीएफ टोचून त्याविरुद्धचं सीरम मिळवलं आणि ते नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना दिलं. उंदीर वरून धडधाकट दिसत होते. पण त्यांच्या सिम्पथेटिक मज्जागाठी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. आपल्या शरीराला एखाद्या ग्रोथ फॅक्टरची खरोखर गरज आहे का, हे विचारायचं असेल तर तो अँटीबॉडीने अडवून बघा. प्रश्न विचारण्याची ही नवी पद्धत १९६०च्या सुमाराला हाती आली.

त्याच लाळग्रंथीच्या अर्कात आणखी काहीतरी होतं. तो टोचलेल्या पिल्लांचे डोळे तेराव्या-चौदाव्या दिवसाऐवजी सातव्या दिवशी उघडत आणि दातही लवकर येत. दुसऱ्या कोणी ही अशुद्धी म्हणून सोडून दिली असती. कोहेननी १९६२ साली तो पदार्थ वेगळा काढला. पुढे त्याचं नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. त्रेपन्न अमिनो आम्लांचा एवढासा जीव. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

१९७०च्या दशकात किरणोत्सारी आयोडीन लावलेला ईजीएफ पेशींवर सोडून तो किती ठिकाणी चिकटतो हे मोजता येऊ लागलं. म्हणजे कुलपं किती आणि किल्ली किती घट्ट बसते, हे आकड्यांत आलं. पण किल्लीचं काम नेमकं काय? ती कुलपात काही ढकलते, की आत शिरून स्वतःच निरोप देते? मोजणीतून याचं उत्तर मिळत नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा रुग्णांकडून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, बेथेस्डाला, काही स्त्रिया येत. मानेवर काळपट मखमली त्वचा, रक्तात साखर, आणि इन्सुलिनचे प्रचंड डोस देऊनही उपयोग नाही. १९७५ साली फ्लायर, कान, रॉथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यांच्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या आहेत. इथवर सरळ होतं: कुलपात कोणी मेण भरलं, किल्ली जाईना. मग कान यांनी त्या अँटीबॉडी चरबीच्या पेशींवर टाकल्या, आणि पेशी इन्सुलिन मिळाल्यासारख्या साखर जाळू लागल्या. इन्सुलिनचा थेंबही नसताना.

हे फार मोठं होतं. अँटीबॉडीचा आकार इन्सुलिनसारखा मुळीच नाही. ती रिसेप्टरवर भलत्याच ठिकाणी बसत असेल. तरी निरोप पोचतो, म्हणजे निरोप किल्लीत नाही. तो रिसेप्टरमध्येच आहे, त्याला फक्त जागं करावं लागतं. (थायरॉइडच्या डॉक्टरांना हे नवं नव्हतं म्हणा. ग्रेव्ह्जच्या आजारात रुग्णाची स्वतःची अँटीबॉडी थायरॉइडच्या रिसेप्टरला सतत डिवचत असते, याचा माग १९५६पासून लागलेला होता.)

पण जागं कसं करावं लागतं? अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो, दोन हात पसरलेला. दोन्ही हात सारखेच पकडतात. एका एन्झाइमने ती कापली की एकेक हात सुटा मिळतो. १९७८ साली कान यांच्या गटाने हे सुटे हात पेशींवर टाकले. ते रिसेप्टरला चिकटले, इन्सुलिनलाही अडवलं, पण पेशी ढिम्म. मग त्यात या सुट्या हातांनाच पकडणारी दुसरी अँटीबॉडी घातली, म्हणजे सुटे हात पुन्हा जोडीने बांधले गेले. पेशी लगेच जाग्या झाल्या. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण भांडणाऱ्या मुलांना सांगतो. इथे ते अक्षरशः खरं निघालं. रिसेप्टरला नुसतं धरून भागत नाही, एका रिसेप्टरला दुसऱ्याजवळ आणावं लागतं. पुढे कळलं की इन्सुलिनचा रिसेप्टर मुळातच जोडीने बांधलेला असतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत गोष्ट जरा वेगळी आहे. पण ईजीएफच्या रिसेप्टरबाबत हाच विचार जास्त चपखल ठरला.

१९७९ साली शेक्टर, श्लेसिंजर, क्वात्रेकासास आणि सहकाऱ्यांनी ईजीएफला रसायनाने थोडं जायबंदी केलं. तो रिसेप्टरवर बसायचा, पण पेशी वाढत नसे. त्यात त्यांनी ईजीएफविरुद्धची अँटीबॉडी घातली. हाफकिनच्या पद्धतीने विचार केला तर अँटीबॉडीने उरलासुरला परिणामही मारायला हवा. झालं उलट: पांगळा ईजीएफ पुन्हा काम करू लागला. अँटीबॉडीचे दोन हात दोन ईजीएफ पकडत होते, त्यांच्यामागे दोन रिसेप्टर ओढले जात होते. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. सशाच्या किंवा घोड्याच्या सीरममध्ये हजार प्रकारच्या अँटीबॉडींचा कालवा असतो. कोणती कुठे बसते सांगता येत नाही. १९७५ साली केंब्रिजला क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही, जगभर ज्याने त्याने आपापल्या कामाला ती रीत वापरली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत श्लेसिंजर, यार्डेन यांच्या गटाने ईजीएफच्या रिसेप्टरविरुद्ध अशा अँटीबॉडी बनवल्या आणि १९८३पर्यंत सुटा हात, जोडलेला हात हा सगळा हिशेब शुद्ध मालावर पुन्हा करून दाखवला.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांच्या डोक्यात वेगळा प्रश्न होता: रिसेप्टर जागा न करता नुसता झाकून ठेवणारी अँटीबॉडी मिळाली तर गाठीची वाढ थांबेल का? त्यांची आवडती पेशी होती ए-४३१, एका पंच्याऐंशी वर्षांच्या बाईच्या गाठीतून वाढवलेली. हिच्यावर ईजीएफचे वीस लाखांहून अधिक रिसेप्टर. पण ही पेशी विक्षिप्त: नेहमीच्या प्रमाणात ईजीएफ दिला तर ती वाढायच्या ऐवजी खुंटायची. १९८३ साली त्यांच्या ५२८ क्रमांकाच्या अँटीबॉडीने हे कोडं सोडवलं. तिने बहुतेक रिसेप्टर झाकले, तेव्हा तोच ईजीएफ पेशीला वाढवू लागला. म्हणजे लाखोंच्या गर्दीत फार घट्ट पकडीचे अगदी थोडे रिसेप्टर होते. वाढीचा निरोप त्यांच्यामार्फत जात होता आणि बाकीच्यांच्या गलक्यात तो बुडत होता. नुसत्या मोजणीने हे कधी दिसलं नसतं. त्यांचीच २२५ क्रमांकाची अँटीबॉडी पुढे माणसाला मानवेल अशी बदलून सेटुक्सिमॅब झाली आणि २००४ साली औषध म्हणून मंजूर झाली.

सातोंबद्दल एक अवांतर. हा जपानी वंशाचा अमेरिकन माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याचं कुटुंब मांझानारच्या छावणीत डांबलं गेलं होतं. उतारवयात त्याने इरिट्रियाच्या उजाड किनाऱ्यावर खारफुटी लावली, शेळ्यांना चारा व्हावा म्हणून, आणि त्या कामाला नाव दिलं मांझानार. वर्सोव्याच्या खाडीची खारफुटी भराव टाकून कशी आक्रसत गेली ते आम्ही जुहूकरांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे या माणसाबद्दल मला रिसेप्टरपलीकडचाही आदर आहे.

या काळात मुंबईत काय चाललं होतं? स्तनाच्या कॅन्सरचं संशोधन परळला बरंच आधी सुरू झालेलं होतं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतर रणदिवे, यांनी १९४९ साली डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली. मग त्या जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला पेशी जिथे वाढवल्या गेल्या तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी काचेत जिवंत ठेवण्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कॅन्सर आनुवंशिकतेशी, हॉर्मोनशी आणि विषाणूशी कसा जोडलेला आहे हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी उंदरांचे खास वंश त्यांनी जपले. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगाला आधी पेशी बाहेर जगवता यायला हव्यात. ते कौशल्य या शहरात रणदिव्यांनी रुजवलं. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. अलीकडे गूगलने त्यांचं चित्र लावलं तेव्हा माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, याचं मला वाईट वाटतं.

अँटीबॉडीने रिसेप्टर चाचपडण्याचं काम आपल्याकडे ग्रोथ फॅक्टरपेक्षा हॉर्मोनच्या बाबतीत जास्त झालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राजन दिघे यांच्या गटाने थायरॉइड आणि प्रजननाच्या हॉर्मोनांच्या रिसेप्टरवर एकेका भागाला पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवल्या. काही रिसेप्टरला चेतवतात, काही शांत करतात. कुठे बसल्यावर काय होतं यावरून रिसेप्टरचा कोणता भाग काय करतो याचा नकाशा काढायचा. आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसं, फक्त इथे प्रत्येक आंधळ्याचा हात कुठे आहे हे नेमकं ठाऊक असतं.

आता काकूंच्या हर-टूकडे. तो ईजीएफ रिसेप्टरचा सख्खा भाऊ. १९८५ साली ड्रेबिन, ग्रीन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं की याच्या उंदीर-आवृत्तीला अँटीबॉडीने पेशीवरून हटवलं की बिघडलेली पेशी पुन्हा सरळ वागू लागते. १९८७ साली स्लेमन यांनी १८९ स्तनगाठी तपासून सांगितलं की ज्यांच्यात हर-टूच्या प्रती वाढल्या आहेत त्या बायांचा आजार लवकर उलटतो. जेनेन्टेक कंपनीने ४डी५ नावाची उंदराची अँटीबॉडी माणसाळवली. १९९८ साली ती ट्रास्टुझुमॅब म्हणून आली.

पण शास्त्राच्या दृष्टीने हर-टू हा मोठा पेच होता. त्याची किल्लीच कुणाला सापडत नव्हती. २००२ आणि २००३ साली स्फटिकांवरून रिसेप्टरचे आकार दिसले तेव्हा उलगडा झाला. ईजीएफचा रिसेप्टर एरवी दुमडून बसलेला असतो. ईजीएफ आला की तो उलगडतो आणि त्याचा एक बाहू बाहेर येतो. दोन रिसेप्टर त्या बाहूंनी एकमेकांना धरतात. दोन ईजीएफ मात्र बाहेरच्या दोन टोकांना राहतात, एकमेकांना शिवतही नाहीत. कान आणि श्लेसिंजर यांनी वीस-पंचवीस वर्षं आधी अँटीबॉडीच्या हातांवरून जे ताडलं होतं, ते असं डोळ्यांना दिसलं. आणि हर-टू? तो कायमचाच उलगडलेला, बाहू बाहेर काढून उभा. त्याला किल्ली लागतच नाही. एखाद-दुसरा असेल तर बिघडत नाही. वीस लाख असे दाटीने उभे राहिले तर हात हातात जाणारच.

काकूंना हे मी चहा पिताना बोटांत बोटं अडकवून दाखवलं. त्यांना ते पटलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग ते सोडवायचं औषध केवढ्याला?"

त्याच वर्षी बायोकॉनची ट्रास्टुझुमॅब बाजारात आली होती, ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना. मूळ कंपनीच्या औषधापेक्षा स्वस्त. साठ किलोच्या बाईला पहिला डोस ४८० मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी ३६०, एकूण अठरा. बेरीज ६,६०० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर पंधरा कुप्या, ८,६२,५०० रुपये. हा हिशेब त्यांच्या मुलाने माझ्याच टेबलावर केला, दोनदा. एका फिनिश अभ्यासात नऊ आठवड्यांच्या औषधानेही फायदा दिसला होता हे मी वाचलं होतं. ते सांगावं का, यावर मी आठवडाभर घुटमळले. शेवटी डॉक्टरांनीच तो पर्याय आपणहून मांडला. काकूंनी ऐकून घेतलं, आणि रेवसजवळच्या शेतातला आपला वाटा भावांना लिहून देऊन अठराच्या अठरा डोस घेतले. "निम्मं सोडवलेलं कुणी सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. सहा महिने पुरतात का, याचं मोठं ब्रिटिश उत्तर २०१९ साली आलं: जवळपास तेवढंच काम होतं. त्यांना ते मी सांगितलं नाही.

मुंबईत मात्र डोक्या-मानेचे, विशेषतः तंबाखूने होणारे तोंडाचे कॅन्सर इतके की ईजीएफच्या रिसेप्टरची गोष्ट इथे जास्त महत्त्वाची. या गाठींवर तो दाट असतो. सेटुक्सिमॅब त्यावर चालते. पण त्वचेच्या साध्या पेशींवरही हा रिसेप्टर असल्याने चेहऱ्यावर, छातीवर पुळ्या उठतात. क्यूबाच्या हवाना शहरातल्या रेण्वीय प्रतिकारशास्त्र केंद्राने दुसरी एक अँटीबॉडी बनवली, निमोटुझुमॅब. अमेरिकेची नाकेबंदी असलेल्या देशातलं हे काम. भारतात ती बायोकॉनने २००६ साली आणली. तिची पकड मुद्दाम म्हणावी इतकी मध्यम आहे. एका हाताने धरलं तर ती सुटते. दोन्ही हात एकाच वेळी दोन रिसेप्टरवर बसले तरच टिकते. साध्या त्वचेवर रिसेप्टर विरळ, दुसऱ्या हाताला जवळ काही सापडत नाही. गाठीवर ते दाट, म्हणून तिथे ती चिकटून राहते. सुटा हात आणि जोडीचा हात हा १९७८चा प्रयोग इथे औषधाच्या रूपात आला आहे. पुळ्या खरोखरच फार कमी उठतात.

टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ५३६ रुग्णांवर तिची चाचणी घेतली: निम्म्यांना सिस्प्लॅटिन आणि रेडिएशन, निम्म्यांना त्यासोबत दर आठवड्याला निमोटुझुमॅब. निकाल २०१९ साली छापला गेला. औषध मिळालेल्या गटात आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी झालं. आयुष्य वाढण्याकडे कल दिसला, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर तो उतरला नाही. त्वचा बचावली, पण तोंड सोलवटण्याचा त्रास मात्र औषधाच्या गटात जास्त झाला. रेडिएशनने भाजलेलं तोंडाचं अस्तर भरून यायला नव्या पेशी वाढाव्या लागतात, आणि त्या अस्तराच्या पेशींवरही हाच रिसेप्टर असतो.